फायटर माशाचे घर: बरणी नव्हे, टाकी

कोल्हापुरात शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन ‘बेट्टा आहे का’ असे कोणी विचारत नाही. ‘फायटर’ म्हटले की दुकानदार फळीवर ओळीने मांडलेल्या प्लास्टिकच्या ग्लासांकडे बोट दाखवतो आणि बहुधा सोबत एक वाक्य ऐकवतो, की याला काही लागत नाही, हा ग्लासातही जगतो. माझा पहिला फायटर मी याच भरवशावर लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवला होता. डिसेंबर उजाडला तसा तो बरणीच्या तळाशी एका कुशीवर पडून राहू लागला, दाणा टाकला तरी वर येईना, आणि पंधरवड्यात गेला. ग्लासात तो काही दिवस तग धरतो हे खरे, पण त्याला घरी आणणाऱ्याने हिशेब तग धरण्याचा करू नये.

हा गैरसमज माशाच्या शरीररचनेतून आला आहे. बेट्टा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातल्या भातखाचरांतला व उथळ दलदलीतला मासा असून थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. अशा साचलेल्या, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून त्याच्या कल्ल्यांजवळ लॅबिरिंथ नावाचा एक जादा अवयव तयार झाला आहे, आणि त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. थोडा वेळ टाकीसमोर बसून पाहिले, तर तो मधूनमधून सरळ वर जातो, तोंडाने हवेचा एक घुटका घेतो आणि कल्ल्याच्या कडेने बारीक बुडबुडा सोडत खाली येतो, हे स्पष्ट दिसते. मात्र हवेतून श्वास घेता आला तरी त्याच पाण्यात साचणाऱ्या स्वतःच्या विष्ठेपासून त्याची सुटका होत नाही, आणि भातखाचर उथळ असले तरी त्याचा पसारा बरणीएवढा नसतो.

एका फायटरसाठी निदान वीस लिटर पाणी मावेल अशी टाकी घ्यावी. पिण्याच्या पाण्याचा निळा जार डोळ्यांसमोर आणला की अंदाज येतो. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक फूट असलेली काचेची टाकी दहा इंचांपर्यंत भरली तर साधारण साडेतेवीस लिटर पाणी बसते आणि वर दोन इंच मोकळी हवा राहते. ही मोकळी जागा आणि वरचे झाकण या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, कारण हा मासा उडी मारतो, आणि वायर आत घेण्यासाठी ठेवलेली दोन बोटांची फटही त्याला पुरते. शिवाय झाकणामुळे पाण्यावरची हवा उबदार व दमट राहते. पाणी, काच आणि खडी मिळून वजन तीस किलोच्या आसपास जाते, तेव्हा टाकी भक्कम, सपाट जागी, खाली थर्माकोलचा तुकडा घालून ठेवावी.

जागा निवडताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हा मासा खोलीतली हवा आत घेतो, त्यामुळे उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि फवारे यांच्याजवळ टाकी नसावी. उन्हाळ्यात वर्षभराच्या कांदा-लसूण चटणीसाठी मिरची-मसाला भाजायला काढला की अख्खी गल्ली ठसकते. त्या दिवशी स्वयंपाकघराला लागून असलेल्या टाकीतल्या माशाचे काय होत असेल, याचा विचार टाकी मांडण्यापूर्वीच करावा. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी, कारण पाणी तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते. गणपतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर टाकी आतल्या खोलीत असलेली बरी, कारण डॉल्बीने खिडक्यांची तावदाने थरथरतात तिथे पाणीही थरथरते.

आता पाण्याविषयी, कारण खरे काम तिथेच आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना इजा करते. बादलीत चोवीस तास उघडे ठेवल्यास साधे क्लोरीन उडून जाते, तरीही दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे औषध बाटलीवरच्या प्रमाणात घालणे अधिक खात्रीचे आहे. ‘आमच्याकडे आरओ आहे, त्याहून शुद्ध काय’ असे म्हणून निव्वळ आरओचे पाणी भरू नये; त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, ते माशाला हवे असतात, आणि त्यांच्याविना पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता किती याचे माप) स्थिर राहत नाही. सामू साडेसहा ते साडेसात यांच्या दरम्यान असला म्हणजे पुरे, त्यासाठी रोज रसायने ओतण्याची गरज नाही. पावसाळ्यात मात्र साठ्याची सोय हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले होते; तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मी माशासाठी एक झाकणाची बादली वेगळी भरून ठेवतो.

टाकी आणली, भरली आणि संध्याकाळी मासा सोडला, असे करू नये. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, जो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तेही विषारीच असते, आणि दुसरे जिवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस माशाविना फिल्टर चालू ठेवून रोज खाद्याची चिमूट टाकावी आणि थेंबांच्या चाचणी-किटने पाणी तपासत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. ओळखीच्या कोणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर तिथला वापरातला स्पंज मागून आणावा, म्हणजे विरजण लावल्यासारखे काम लवकर होते.

फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंजाचाच घ्यावा. लांब पिसाऱ्याच्या नराला जोराचा प्रवाह सोसत नाही आणि तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण महिनाभर जोपासलेले जिवाणू क्लोरीनने मरू शकतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळावा.

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश असावे. कोल्हापूरची हवा सौम्य म्हणून आपण निर्धास्त असतो, पण जानेवारीत पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो आणि माझी बरणी नेमकी तिथेच फसली होती. या आकाराच्या टाकीला २५ ते ५० वॉटचा, तापमान राखणारा हीटर पुरतो, आणि सोबत वेगळा थर्मामीटर लावावा. पाणी काढण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा, नाहीतर उघडी पडलेली गरम काच तडकते. थंडीच्या रात्री वीज गेली तर टाकीभोवती वाकळ गुंडाळावी, मात्र हवेची वाट मोकळी ठेवावी. एप्रिल-मेमध्ये उलट स्थिती होते. तेव्हा हीटर काढून टाकीवरचा दिवा बंद ठेवावा, पाण्यात बर्फ टाकू नये.

सजावटीत प्लास्टिकची टोकदार झाडे नकोत. शंका असल्यास झिरझिरीत ओढणीचा काठ त्या झाडावरून ओढून पाहावा. धागा अडकला तर पिसाराही अडकेल. जावा फर्न, अनुबियास अशी कमी उजेडात तगणारी खरी झाडे लावावीत, आणि एखादे रुंद पान पृष्ठभागाजवळ असावे, कारण त्यावर टेकून विसावा घेणे या माशाला फार आवडते. देशी बदामाच्या झाडाखाली आपोआप गळलेले, पूर्ण वाळलेले तपकिरी पान, रहदारीच्या धुळीपासून दूरचे, स्वच्छ धुऊन टाकीत घातले तर पाण्याला कोऱ्या चहाचा फिकट रंग येतो आणि मासा अधिक निवांत दिसतो. वीस लिटरला एक मध्यम पान पुरते.

दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. ही झुंज तालमीतली नव्हे, तिथे चीतपट करून कोणी थांबत नाही. टाकीच्या मध्ये काच घालून दोघांना समोरासमोर ठेवणेही त्यांना सतत ताणात ठेवणारे आहे. या मापाच्या टाकीत फायटर एकटाच ठेवावा.

मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि जाळीने फक्त मासा आत सोडावा. दुकानातले पाणी टाकीत ओतू नये. त्यानंतर दर आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे सुमारे सहा लिटर पाणी, त्याच तापमानाच्या ताज्या पाण्याने बदलावे. काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम, फक्त त्यात औषध घातलेले नसावे. मासा सुस्त दिसला, पिसाऱ्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, तर आधी पाणी तपासून बदलावे. पिसारा सडण्याचे मूळ बहुतेक वेळा घाण पाण्यात असते. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले किंवा खवले ताठ उभे राहिले, तर मात्र जाणकाराला विचारून उपचार करावा.

खाण्याच्या बाबतीत हा मासा मांसाहारी आहे, त्यामुळे पोळीचा किंवा ब्रेडचा चुरा त्याच्या कामाचा नाही. बेट्टासाठीचे तरंगणारे बारीक दाणे सकाळ-संध्याकाळ दोन ते तीन द्यावेत, आठवड्यातून एखाद्या वेळी गोठवलेल्या अळ्या द्याव्यात आणि एक दिवस उपास ठेवावा. डासांच्या अळ्या त्याला प्रिय असल्या तरी त्या घरी पाळणे म्हणजे डेंग्यूला बोलावणे, आणि गटारातल्या अळ्यांबरोबर रोग येतात. दोन-तीन दिवस गावाला जायचे असेल तर धडधाकट फायटर उपाशी सहज राहतो. त्याहून अधिक दिवस शेजाऱ्यांवर सोपवायचे असल्यास दिवसाच्या मापाच्या कागदी पुड्या बांधून द्याव्यात आणि खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवावा, कारण मासा काचेपाशी येऊन अंग घुसळू लागला की शेजारच्या काकूंना राहवत नाही.