खडकांचे नमुने गोळा करताय? निदान या चुका तरी टाळा

नमुन्यांच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकावं लागतं: "थांबा, सांगतो कुठला ते... ओढ्याच्या पलीकडचा असावा." हातात मुठीएवढा दगड, पिशवी कोरी, आणि समोरचा छताकडे बघत आठवतोय.

एखाद्या प्रदेशाचा खडकसंग्रह कशासाठी असतो? पुढच्या माणसाने तिथे जायच्या आधी तिथला खडक हातात घेऊन बघावा, स्वतःला सापडलेला दगड त्याच्याशी ताडून पाहावा, गरज पडली तर त्यातला तुकडा तपासणीला पाठवावा, यासाठी. या सगळ्यात "असावा" कुठेच बसत नाही. मी आधी कित्येक वर्षं दगड आणून टाकणाऱ्यांपैकी होतो, मग आणलेले दगड लावणाऱ्यांपैकी झालो. त्यामुळे खालच्या बऱ्याच चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, आणि ज्या झाल्या नाहीत त्या निस्तरल्या आहेत.

"नंबर रात्री मुक्कामाला घालू"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून तिला जास्त जागा देतो.

रात्री कोणी नंबर घालत नाही. रात्री पाय दुखत असतात. आणि घातलेच, तर दिवसभरात उचललेले वीस करडे दगड एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात. नंबर दगड फोडल्या जागी, उठायच्या आधी पडला पाहिजे: पिशवीवर, पिशवीतल्या चिठ्ठीवर आणि फिल्डबुकात. तिन्हीकडे. पिशवीवरची शाई घासून जाते, चिठ्ठी भिजते, आणि फिल्डबुक एखाद्या दिवशी ओढ्यात पडतं. तिन्ही एकाच दिवशी जायला फार मोठं दुर्दैव लागतं.

पण मला खरी अद्दल घडली ती नंबर घालूनसुद्धा. आम्ही चौघं एका डोंगरपट्ट्यात तांब्याच्या खुणा शोधत होतो. दहा दिवसांत शंभरावर नमुने झाले. आमच्यातला एक जण चिठ्ठ्या देवनागरी आकड्यांत लिहायचा, बाकीचे इंग्रजीत. यात काही अडचण येईल असं कोणाच्या मनातही आलं नाही. तपासणीला साठेक नमुने निवडून पाठवले, सोबतची यादी "नंतर मेल करू" म्हणून राहिली. निकाल आले. एका नमुन्यात तांबं चांगलं भरलं होतं, नमुना क्रमांक ९८. आम्ही खूश. नकाशावर ९८ ची जागा काढली, माणसं घेतली, आणि तिथे पाच दिवस चर खणले. पहिल्या चरात काही नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या चरानंतर मंडळी एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागली.

सहाव्या दिवशी मी परत येऊन कपाटातला ९८ नंबरचा राखून ठेवलेला अर्धा तुकडा काढला. साधा वाळूखडक. भिंगाखाली, आम्लाखाली, कशाखालीही त्यात तांब्याचा मागमूस नव्हता, आणि तो आम्ही तपासणीला पाठवलाही नव्हता. मग डोक्यात प्रकाश पडला. देवनागरीत १४ लिहून बघा. आता तेच इंग्रजी आकडे वाचायला सरावलेल्या डोळ्यांनी बघा. एक दिसतो नवासारखा, चार दिसतो आठासारखा. तपासणाऱ्यांनी चिठ्ठीवर जे दिसलं ते वाचलं. यादीच नाही म्हटल्यावर त्यांनी ताडायचं कशाशी? आमच्या चौदा नंबरचा निकाल आला नव्हता, तर आम्ही "पिशवी वाटेत हरवली असेल" म्हणून सोडून दिलं होतं. चौदाची जागा चरांपासून अकरा किलोमीटर लांब.

तेव्हापासून माझ्या सवयी ठरल्यात. आकडे एकाच लिपीत, मग ती कुठलीही असो, आणि निघायच्या आधी तसं सगळ्यांना बजावायचं. आकड्याच्या खाली अक्षरी: "चौदा". चेकवर लिहितात तसं. लोक हसतात, हसू देत. दोन जण वेगवेगळे नमुने घेत असतील तर आकड्याआधी प्रत्येकाचं एक अक्षर, नाहीतर दोघंही एकपासून सुरू करतात. लिहायला पेन्सिल, कारण तिचं लिखाण पाण्याने पसरत नाही. चिठ्ठी वेगळ्या छोट्या प्लास्टिक पिशवीत, कारण ताज्या दगडाला ओल असते आणि बंद पिशवीत कागदाचा लगदा होतो. यादीशिवाय एकही नमुना खोलीबाहेर जात नाही.

आणि अर्धा तुकडा कायम घरी. हा नियम मोडल्यावर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंडोनेशियातल्या बुसांगचं. ब्रे-एक्स कंपनीने तिथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचा दावा केला होता. ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाच्या कांड्या मधोमध चिरून अर्धा भाग राखून ठेवायचा, ही रीत. तिथे त्या अख्ख्या दळून टाकल्या जात. १९९७ मध्ये बाहेरच्यांनी स्वतंत्र तपासणी केली तेव्हा कळलं की नमुन्यांत सोनं वरून मिसळलेलं होतं. आमच्याकडे लबाडी कोणी केली नव्हती, नुसता गाढवपणा होता. पण दोन्हींवर उतारा एकच: राखलेला अर्धा.

देखण्या दगडाचा मोह

नवख्यांची पिशवी उघडली की कळतं. क्वार्ट्झचे स्फटिक, मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं हिरवंगार खनिज, चकाकणारा पायराइट. आणि ज्या खडकात हे सगळं होतं तो खडक कुठाय? "तो साधाच होता हो, म्हणून नाही घेतला."

शोकेससाठी हे ठीक आहे. प्रदेशाच्या संग्रहाला आधी तो साधा खडकच हवा असतो, कारण शंभरातला नव्वद भाग त्याचा असतो आणि पुढे जाणाऱ्याला दिवसभर तोच दिसणार असतो. मी शिरेचा, म्हणजे खडकातल्या भेगेत भरलेल्या खनिजाच्या पट्ट्याचा, एक नमुना घेतला की तिच्या दोन्ही कडांचा खडक घेतो, आणि शिरेपासून पुरेसं लांब जाऊन, जिथे तिचा काहीच परिणाम दिसत नाही, तिथलाही एक. म्हणजे एका शिरेचे चार दगड. पाठीला त्रास होतो, मान्य आहे.

मॅलाकाइटबद्दल तर स्वतंत्र तक्रार आहे. नखाएवढ्या जाडीचाही नसलेला हिरवा थर भेगेवर पसरतो आणि अख्खा दगड तांब्याचा वाटतो. तो फोडून आतलं बघा. उलटंही होतं: पावसाच्या पाण्याने वरच्या खडकातले गंधकयुक्त खनिज कुजतात, तांबं विरघळून खाली उतरतं, आणि वर उरतो तपकिरी, भोकाभोकांचा, लोखंडाच्या गंजाचा टोप. त्याला गोसान म्हणतात. तपासणीत त्यात तांबं नगण्य भरू शकतं, आणि म्हणून लोक तो टाकून देतात. अनुभवी माणूस मात्र तो दिसला की खाली बसतो.

आणखी एक: सगळ्यात भारी तुकडा निवडून त्याचा निकाल अख्ख्या जागेचा म्हणून सांगू नका. निवडून उचललेला नमुना "इथे हे खनिज आहे" एवढंच सांगतो. किती आहे हे कळायला ठरावीक रुंदीवर सलग टवके काढावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. घाई असेल तर आकडा सांगू नका, बस.

झिजलेला की ताजा?

"ताजाच घ्या" असं सगळे शिकवतात. बरोबर आहे, तपासणीला ताजाच लागतो. बेसाल्टमध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटतात, ते काढत काढत आतल्या कठीण गाभ्यापर्यंत जावं लागतं. दोन घाव घालून दमणाऱ्यांच्या पिशवीत पापुद्रेच येतात.

पण संग्रहात नुसते ताजे तुकडे ठेवणं हीसुद्धा चूक आहे, आणि ती शिकलेली माणसं करतात. डोंगरावर खडक ताजा दिसत नाही, त्याचा झिजलेला, शेवाळलेला, रंग बदललेला चेहराच दिसतो. कपाटातला चकचकीत काळा तुकडा आणि उतारावरचा तांबूस दगड एकच आहेत हे नव्या माणसाला कसं कळणार? म्हणून माझ्या प्रत्येक नमुन्याला एक बाजू फोडलेली आणि एक बाजू होती तशी ठेवलेली असते. कोणी ती घासून "स्वच्छ" करून दिली की मला मनापासून राग येतो.

जागेवरचा, सुटा, की ट्रकमधून आलेला?

एकदा एक उत्साही गृहस्थ निव्वळ बेसाल्टच्या टापूतून सुरेख गुलाबी ग्रॅनाइट घेऊन आले. डोळ्यांत चमक होती. मी विचारलं, रस्त्यापासून किती लांब मिळाला? "रस्त्याच्या कडेलाच." खडीचा ट्रक कुठून आला होता ते विचारायचं मी टाळलं.

फिल्डबुकात प्रत्येक नमुन्यापुढे मी एक शब्द लिहितोच: जागेवरचा, सुटा, किंवा आणलेला. सुटा दगड वाया नसतो. फिनलंडमधली औटोकुम्पूची तांब्याची खाण अशाच एका धोंड्यामुळे सापडली. १९०८ मध्ये खनिजाने भरलेला एक धोंडा मिळाला, हिमनदीने वाहून आणलेला. हिमनदी कुठल्या दिशेने सरकली होती याचा माग उलटा काढत १९१० मध्ये मूळ साठ्यापर्यंत पोहोचले. पण तो कुठे सापडला हे माहीत होतं म्हणून माग काढता आला. ओढ्यातला दगड आणून "डोंगरातला" लिहिलात तर तुमच्या मागून येणारा चुकीच्या डोंगरावर चढणार.

अक्षांश-रेखांशांचे घोळ

फोन सात दशांशस्थळं दाखवतो म्हणून जागा सेंटिमीटरपर्यंत कळली असं नाही. उघड्यावर काही मीटर इकडेतिकडे धराच, दरीत त्याहून जास्त. ३० अंश ३० मिनिटं आणि ३०.३० अंश यांत तब्बल २२ किलोमीटरचा फरक पडतो, आणि ही चूक मी दर हंगामात बघतो. अक्षांश-रेखांश ज्या मोजणीच्या चौकटीवर बेतलेले असतात तिला डेटम म्हणतात. एव्हरेस्ट १८३० या जुन्या चौकटीवर आधारलेल्या नकाशावर जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ या चौकटीतले आकडे तसेच टाकले तर ठिपका सरकतो, म्हणून डेटम लिहा. शिवाय दोन शब्दांत वर्णन: "धबधब्याच्या डाव्या कड्याचा पाया". आकडा चुकला की हेच वाचवतं.

आणि फोटो. दगड उचलायच्या आधी, हातोडा शेजारी ठेवून. अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावर जड पोशाखात, मोजका वेळ हाताशी असताना, नमुना उचलण्याआधी मापपट्टीचा दांडा शेजारी ठेवून फोटो काढायला जमलं. तुम्हाला दुपारच्या उन्हात जमेल.

एकेका ओळीच्या चुका

हातोड्यावर हातोडा मारू नका. पोलादाचा टवका डोळ्यात जातो, आणि चष्मा न घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही, सोबत नेत नाही.

सोन्याच्या तपासणीचा नमुना अंगठी घातलेल्या हाताने घेऊ नका. जस्त शोधत असाल तर सनस्क्रीन माखलेल्या हातानेही नको.

चुनखडी ओळखायचा आम्लाचा थेंब बाजूच्या टवक्यावर टाका, मुख्य नमुन्यावर नको. चुनखडीसारखाच दिसणारा डोलोमाइट तसा फारसा फसफसत नाही, ओरखडून भुकटी केल्यावर मात्र फसफसतो, हे न कळल्याने किती चिठ्ठ्या चुकल्यात.

कंपास वाचताना हातोडा बाजूला ठेवा. मॅग्नेटाइटचा, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचा, खडक असेल तर कंपासवर विश्वासच ठेवू नका.

खडकाचे कण जेवढे मोठे, नमुना तेवढा मोठा. बारीक बेसाल्टला एक किलो पुरतो, पेग्मटाइटचा किलोभर म्हणजे कदाचित एकच फेल्स्पार.

जमीनमालकाला विचारा. संरक्षित जागी हातोडा पिशवीतून काढूच नका.

कपाटात गेल्यावर

नमुना कपाटात गेला की संपलं असं वाटतं. पायराइट आणि मार्कासाइट दमट हवेत कुजतात, त्यातून गंधकाम्ल सुटतं, आणि ते सगळ्यात आधी चिठ्ठी खातं. मी अख्खा एक खण असा गेलेला पाहिलाय: पांढरट भुकटी, पिवळी पडलेली खोकी, आणि नंबराच्या जागी भोक. ते कोरड्या जागी, इतरांपासून वेगळे ठेवा. रिअलगार हे लाल खनिज उजेडात पिवळं पडून भुगा होतो. लॉमोंटाइट हे खनिज कोरड्या हवेत पाणी सोडून चुरतं, त्यामुळे "सगळं कोरडं ठेवा" हाही सरसकट नियम नाही. सैंधव धुवायला नळाखाली धरणारे लोक आहेत. त्यांच्याकडे नंतर फक्त चिठ्ठी उरते.

कायमचा नंबर दगडावरच घालावा: पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, वर काळी शाई, त्यावर पारदर्शक लाखेचा हात. ठिपका राखायच्या अर्ध्यावरच, कारण पांढऱ्या रंगात टायटॅनियम असतं आणि तपासणीत ते खडकातलं म्हणून दिसतं.

गोंधळ आधीच झाला असेल तर

जुनी पेटी, तीस दगड, सात चिठ्ठ्या. अंदाजाने जुळवू नका, हीच शेवटची विनंती. आधी जुने फोटो आणि फिल्डबुक घेऊन बसा. फोडलेल्या बाजूचा आकार फोटोशी जुळतो कधी कधी. भेगेतली माती बघा, ती तुम्ही धुतली नसेल तर. सोबत गेलेल्या माणसाला फोन करा, पण उत्तर सुचवून विचारू नका. जे जुळलं ते "फोटोवरून ठरवले" असं लिहूनच ठेवा. जे नाही जुळलं त्यावर "ठिकाण अज्ञात" लिहा आणि मुख्य संग्रहातून काढा.

आमच्याकडे अशांचा एक वेगळा ट्रे आहे, शिकाऊ मुलांना कठीणपणा आणि कस तपासायला देतो तो. त्यात तळहाताएवढा मॅलाकाइट आहे, कडेला अझुराइटची निळी रेघ, आमच्या अख्ख्या खोलीत एवढा सुंदर दुसरा नाही. कोणी आणला, कुठून आणला, काही लिहिलेलं नाही. नवी मुलं आत आली की आधी तोच उचलतात आणि विचारतात, "सर, हा कुठला?"