बॅकअप क्वार्टरबॅक तयार आहे का? ठरवण्याआधी या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्टार्टर क्वार्टरबॅक (सुरुवातीपासून खेळणारा, पास फेकणारा मुख्य खेळाडू) लंगडत मैदानाबाहेर आला की पाच मिनिटांत दोनच प्रकारची मतं ऐकू येतात. एक, ‘संपला सीझन.’ दुसरं, बॅकअपने, म्हणजे राखीव क्वार्टरबॅकने, पहिला लांब पास टाकल्यावर, ‘अरे, याला आधी का नाही खेळवला? कोचला डोळे आहेत की नाहीत?’ दोन्ही मतं देणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. मध्ये फक्त एक समोसा खाऊन झालेला असतो.

मी ओहायोत राहतो. इथे ऑगस्टअखेरपासून शनिवारी दुसरं काही ठरवायची सोय नाही. त्यामुळे कॉलेज फुटबॉल आपोआप अंगात मुरतो आणि त्याबरोबर या चुकाही वर्षानुवर्षं कानांवर पडत राहतात. नव्याने अमेरिकेत आलेली मंडळी तर दुसऱ्या शनिवारपासूनच निकाल द्यायला लागतात. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या) आधी क्वार्टरबॅक हात कशाला हलवतो हे विचारायला मात्र त्यांना वेळ नसतो.

एका सामन्यावर निकाल देणं

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिल्या नंबरची चूक. ती दोन्ही बाजूंनी होते.

2014 चा हंगाम घ्या. 28 ऑगस्टला, गुरुवारी रात्री, टेक्सस ए अँड एमचा केनी हिल पहिल्यांदा स्टार्टर म्हणून उतरला. त्याच्या आधी ती जागा जॉनी मॅन्झेलची होती. समोर नवव्या क्रमांकाची साउथ कॅरोलायना, तीही त्यांच्या घरच्या मैदानावर. हिलने 60 पैकी 44 पास पूर्ण केले, 511 यार्ड काढले आणि 52-28 ने सामना खिशात घातला. मॅन्झेलचा विद्यापीठाचा विक्रम एका रात्रीत मोडला. लगेच टोपणनाव पडलं, ‘केनी ट्रिल’. ए अँड एममध्ये शिकलेल्या माझ्या एका मित्राने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून त्याला हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) देऊनसुद्धा टाकली.

मग ऑक्टोबर आला. मिसिसिपी स्टेटकडून 48-31, ओल मिसकडून 35-20 आणि 18 तारखेला अलाबामाकडून 59-0. ओळीने तीन हार, आणि पुढच्या सामन्यात हिलच्या जागी काइल ॲलन. मित्राचा फोन काही आला नाही. खरं तर पहिल्या सामन्यात हिलच्या खेळाचं चित्रण कोणाकडेच फारसं नव्हतं. पाच-सहा सामने झाले की प्रतिस्पर्धी कोच त्याचे आवडते पास, घाबरल्यावर तो कुठल्या बाजूला पळतो, सगळं पाहून बसलेले असतात. शिवाय साउथ कॅरोलायना त्या वर्षी 7-6 वर (सात विजय, सहा हार) अडकली. नववा क्रमांक हंगामाआधी अंदाजाने दिलेला होता. हिलही काही वाईट खेळाडू नव्हता. तो टीसीयू या विद्यापीठात गेला, तिथेही आधी बाकावर बसला आणि 2017 मध्ये त्या संघाने 11 सामने जिंकले. म्हणजे तयार व्हायला त्याला तीन वर्षं लागली आणि आपण एका गुरुवारी ठरवून मोकळे झालो होतो.

आता उलटी बाजू, आमच्याच गावातली. त्याच वर्षी ओहायो स्टेटचा ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच खांद्याच्या दुखापतीने संघाबाहेर गेला आणि जे. टी. बॅरेट नावाचा पोरगा स्टार्टर झाला. 6 सप्टेंबरला घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेकने 35-21 ने हरवलं. बॅरेटचे 29 पैकी फक्त 9 पास पूर्ण, तीन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), सात सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). गणपतीचे दिवस होते. आरतीला जमलेल्या मंडळींच्या हातात प्रसाद आणि तोंडात एकच विषय: ‘हा पोरगा कॉलेजच्या लायकीचा नाही.’ एक काका तर इतके पेटले होते की त्यांना थांबवायला ‘सुखकर्ता’ सुरू करावी लागली.

बॅरेटच्या पुढे त्याच्या रक्षणाला उभ्या असलेल्या पाच लाइनमनपैकी चार त्या वर्षी नवे होते, हे काकांच्या हिशोबात नव्हतं. व्हर्जिनिया टेकने जवळजवळ सगळी माणसं अंगावर सोडली होती आणि रिसीव्हरांवर (पास पकडणाऱ्यांवर) एकास एकच माणूस ठेवला होता, हेही नव्हतं. वर्षाअखेर बॅरेटच्या नावावर 45 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) होते, 34 पासवर आणि 11 पळून. हाइझमनच्या मतदानात पाचवा आला. काका नोव्हेंबरात त्याच्या नावाची जर्सी घालून फिरत होते.

माझी स्वतःची सवय सांगतो. पहिल्या सामन्यानंतर मी मत देतच नाही. कोणी विचारलं तर ‘पाचव्या सामन्यानंतर बघू’ म्हणून चहा ओततो. घाई असलेल्यांना हे आवडत नाही, पण त्यांना आवडावं म्हणून मी सामने पाहत नाही.

आजूबाजूचे दहा जण न पाहणं

बॅरेटची गोष्ट पुढे सरकते. मिशिगनच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला आणि तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स उभा राहिला. आयुष्यातला पहिला स्टार्ट थेट बिग टेन या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात, विस्कॉन्सिनसमोर. निकाल 59-0. जोन्सचे 17 पैकी 12 पास, 257 यार्ड, तीन टचडाउन. मग अलाबामा 42-35, मग ओरेगन 42-20 आणि राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हापासून कुठल्याही संघाचा स्टार्टर पडला की कोणीतरी कार्डेल जोन्सचं नाव काढतंच.

त्याचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही, मुलाचा हात तोफेसारखा होता. पण त्या तीन सामन्यांत इझिकिएल एलियट चेंडू घेऊन 220, 230 आणि 246 यार्ड पळाला. विस्कॉन्सिनविरुद्धचे तिन्ही टचडाउन पास एकट्या डेव्हिन स्मिथने पकडले. कोच अर्बन मायर आणि टॉम हर्मन यांनी जोन्सला येतं तेवढंच मागितलं: एलियटला चेंडू दे, बचाव पुढे ओढला गेला की स्मिथकडे उंच फेक. सप्टेंबरात रडणारी ती ओफेन्सिव्ह लाइन डिसेंबरपर्यंत देशातल्या उत्तम लाइनपैकी एक झाली होती. 2015 मध्ये जोन्स स्टार्टर म्हणून सुरुवातीपासून खेळला आणि ऑक्टोबरात जागा पुन्हा बॅरेटकडे गेली. मजा म्हणजे स्टार्टर म्हणून जोन्स कॉलेजात एकही सामना हरला नाही, 11-0. निव्वळ जिंकलेले सामने मोजणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

चेस ब्राइसची कथा याहून बोलकी आहे. 2018 मध्ये क्लेम्सनने ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर केलं, म्हणून केली ब्रायंट संघ सोडून गेला आणि पुढच्याच सामन्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स जखमी झाला. ब्राइस आला. शेवटच्या सहा मिनिटांत 94 यार्डांचा ड्राइव्ह (सलग चढाई), त्यात फोर्थ डाउनला (चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) सहा यार्ड हवे असताना टी हिगिन्सला 20 यार्डांचा पास, आणि 27-23 ने विजय. त्या दिवशी ट्रॅव्हिस एटियेन 203 यार्ड पळाला होता, हे मात्र लोक विसरले. 2020 मध्ये ब्राइस ड्यूकला गेला, स्टार्टर झाला आणि त्या हंगामात देशात सगळ्यात जास्त, 15 इंटरसेप्शन टाकली. मग ॲपलॅशियन स्टेटला गेला आणि 2022 मध्ये टेक्सस ए अँड एमला त्यांच्याच घरात 17-14 ने हरवून आला. तीन संघांत एकच मुलगा, आणि तीन वेगळे निकाल. त्या एका ड्राइव्हवरून त्याला तयार ठरवणं म्हणजे नेट्समध्ये चेंडू चांगला लागतोय म्हणून कसोटीत घ्या, असं म्हणण्यासारखं होतं.

यावर माझा उपाय: टचडाउनचे रिप्ले मी बघतच नाही. रविवारी सकाळी फक्त थर्ड डाउन (तिसरे प्रयत्न) काढतो, तेही सात किंवा जास्त यार्ड हवे असलेले. तेव्हा पळणाऱ्याचा आधार नसतो, बचावाला पास येणार हे माहीत असतं आणि पहिला रिसीव्हर बहुतेक झाकलेला असतो. तो झाकलेला असताना मुलगा काय करतो? डोकं दुसरीकडे वळतं की पाय पळायला लागतात? एवढंच वहीत लिहितो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ‘हायलाइट्स पाहिले ना’ म्हणणाऱ्यांना तो अर्धा तास सापडत नाही.

जिंकला म्हणजे तयार

2023 मध्ये फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पाय मोडून संघाबाहेर गेला. टेट रोडमेकरने फ्लोरिडाला 24-15 ने हरवलं, पण त्याच्या डोक्याला मार बसला आणि एसीसी या गटाच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन उतरला. संघ 16-6 ने जिंकला. ग्लेनचे 21 पैकी 8 पास, 55 यार्ड. तो सामना बचावाने जिंकला होता आणि कोचने ग्लेनसाठी खेळ आखूडच ठेवला होता, त्या परिस्थितीत योग्यच. 13-0 असूनही निवड समितीने त्यांना चार संघांच्या प्लेऑफमधून वगळलं आणि त्यात ट्रॅव्हिस नाही हे कारण उघडपणे होतं. तेरा सामने जिंकलेल्या संघाला वगळणं मला आजही पटत नाही. पण त्या वादात जे ‘ग्लेन जिंकलाय, म्हणजे तो तयार आहे’ म्हणत होते, त्यांची बाजूही मला घेता येत नाही.

आडनाव पाहून भुलणं

आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय. सप्टेंबर 2024 मध्ये क्विन युअर्स जखमी झाल्यावर टेक्सससाठी यूटीएसएविरुद्ध आला, चार टचडाउन पास दिले आणि 67 यार्ड स्वतः पळत गेला. तेवढ्यावर ‘युअर्सला बसवा’ सुरू. पुढच्या वर्षी 30 ऑगस्टला, हंगामाआधीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला टेक्सस आमच्या ओहायो स्टेटच्या कोलंबसमध्ये आला आणि 14-7 ने हरला. मॅनिंगचे 30 पैकी 17 पास, 170 यार्ड. यावरून तो वाईट ठरत नाही, वरचा पहिला नियम इथेही लागू आहे. मला गंमत वाटली ती समोरच्या ज्युलियन सेयिनची. त्याचाही तो पहिलाच स्टार्ट, आदल्या वर्षी तोही बाकावर. 20 पैकी 13 पास, 126 यार्ड, एक टचडाउन, चूक नाही. त्याच्या नावाची चर्चा आदल्या आठवड्यात कितीशी होती?

या चुकांवर जास्त शाई घालवत नाही

स्प्रिंग गेमवरून (संघातल्या संघात होणाऱ्या सराव सामन्यावरून) ठरवू नका. क्वार्टरबॅकला हात लावायची बंदी असते, मग शांत कोण राहणार नाही?

चौथ्या क्वार्टरमध्ये संघ 38 ने पुढे असताना मिळवलेले यार्ड वहीत लिहूच नका. समोर त्यांचेही राखीव खेळाडू असतात.

हाताची ताकद वॉर्मअपमध्ये सगळ्यांचीच दिसते.

‘चांगला पळतो’ हे बऱ्याचदा ‘दुसरा रिसीव्हर शोधत नाही’ याचं गोड नाव असतं.

कोच पत्रकार परिषदेत बॅकअपवर ‘पूर्ण विश्वास’ आहे म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

तरीही कळत नसेल तर

पास 70 टक्के पूर्ण होतायत, पण गुण होत नाहीत: चेंडू कुठे पकडला जातोय ते बघा. सगळे स्क्रीन पास (जवळच्या जवळ दिलेले) स्क्रिमेजच्या, म्हणजे खेळी सुरू होते त्या रेषेच्या, मागे पकडले जात असतील, तर तो आकडा कोचच्या सावधपणाचा आहे.

सॅक खूप होतायत: लाइनला शिव्या देण्याआधी मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ मोजा. तीन ओलांडूनही चेंडू हातातच असेल, तर तो सॅक क्वार्टरबॅकच्या खात्यात. जॉर्जियाच्या गनर स्टॉकटनने डिसेंबर 2024 मध्ये कार्सन बेकच्या जागी येऊन टेक्ससला ओव्हरटाइममध्ये हरवलं. पुढचा सामना, शुगर बोल, नोट्र डेमविरुद्ध. हाफटाइमला काही सेकंद राहिलेले, पॉकेटमध्ये (लाइनमनच्या आडोशात) रेंगाळला, चेंडू हातातून उडवला गेला आणि पुढच्याच खेळीत टचडाउन खाल्लं. शेवटी 23-10 ने हार.

स्नॅप नेहमी अगदी शेवटच्या सेकंदाला होतोय: दोन खेळींमधल्या 40 सेकंदांच्या घड्याळाकडे नजर ठेवा. 2024 पासून हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. पुढचं सगळं त्या मुलाच्या डोक्यातून. तो दर वेळी बाजूला वळून मदत शोधत असेल, तर अजून वेळ आहे. पळणाऱ्याला इकडून तिकडे हलवत असेल, समोरच्या एखाद्या लाइनबॅकरकडे (बचावपटूकडे) बोट दाखवत असेल, तर मला तो त्या सुंदर लांब पासापेक्षा जास्त आवडतो.

मोठी चूक झाल्यावर काय होतं ते बघा. 8 जानेवारी 2018 ला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध 13-0 ने मागे होती. निक सेबनने हाफटाइमला जेलन हर्ट्सला बसवून टुआ टॅगोव्हायलोआला आणलं. ओव्हरटाइममध्ये टुआने 16 यार्डांचा सॅक खाल्ला. सेकंड अँड 26, म्हणजे दुसरा प्रयत्न आणि 26 यार्ड बाकी. पुढच्या खेळीत त्याने नजरेनेच सेफ्टीला (मागच्या बचावपटूला) दुसरीकडे गुंतवलं आणि डावीकडे डेव्होन्टा स्मिथला 41 यार्डांवर टचडाउन दिला, 26-23. सगळे तो पास दाखवतात. मी त्या आधीचे दोन सेकंद, त्याची मान कुठे आहे ते दाखवतो. आणि हो, यावरून हाफटाइमला क्वार्टरबॅक बदलायचा सल्ला देऊ नका. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टुआ जखमी झाला आणि जॉर्जियाविरुद्धच एसईसी या गटाचा अंतिम सामना हर्ट्सने येऊन 35-28 ने जिंकून दिला.

डिसेंबरअखेरचे बोल सामने (हंगाम संपल्यावरचे सामने) तर यादीतून काढूनच टाका. अर्धे चांगले खेळाडू एनएफएलच्या तयारीला किंवा दुसऱ्या विद्यापीठाकडे निघालेले असतात. प्लेऑफमधून वगळलेल्या फ्लोरिडा स्टेटचा ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने 63-3 असा धुव्वा उडवला, तेव्हा फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते. त्या धावफलकावरून ग्लेनबद्दल मत देणाऱ्याशी मी वाद घालत नाही, विषय बदलतो.