दिवाळीनंतर पोरांचं चित्रप्रदर्शन करायचंय तर काय काय लागेल

सगळे विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकते. हॉल नंतर बघा, आधी मार्गदर्शक ठरवा आणि तेही जूनमध्येच, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आणि सहामाही, डिसेंबरात गॅदरिंग, फेब्रुवारीत बोर्ड, म्हणजे दिवाळीनंतरचे दोन-तीन शनिवार-रविवार तेवढे मोकळे मिळतात.

पोरं 13 ते 17 वयाची, तेव्हा एका मार्गदर्शकाकडे तीनच, चौथं घेऊ नका. दर पंधरा दिवसांनी भेट, कुणाच्या घरी एकटं नाही, शाळेचा वर्ग नाहीतर वाचनालय, आणि कायम दोन मोठी माणसं हजर. हे पालकांना सांगा तसं मुलांनाही स्पष्ट सांगा.

आणि मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही म्हणजे नाही, काही दाखवायचं असेल तर शेजारी वेगळा कागद घ्या. माझ्याकडून एकदा झालंय हे, एका मुलीने कृष्णेचा घाट काढला होता, पायऱ्या वाकड्या वाटल्या म्हणून मी जरा सरळ करून दिल्या, चित्र दिसायला लागलं छान पण प्रदर्शनाच्या दिवशी तिने ते लावूच दिलं नाही, म्हणाली ताई ते आता माझं नाहीये. ते अजून मनाला लागतं.

जुलैत एक दिवस मिरजेला सतारमेकर गल्लीत न्या, आधी कारागिरांना विचारून. वाळवलेले भोपळे, अर्धवट कोरलेल्या दांड्या, तिथं बसून स्केचिंग केलं की हात मोकळा होतो. आणि एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला, भवानी संग्रहालयात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली बांधलेलं, ते स्वतः चित्रं काढायचे, राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. मोबाईलवर बघितलेलं चित्र खरं केवढं असतं हे पोरांना तिथं कळतं. सुट्टीचा वार फोन करून विचारा, एसटीने गेलात तर परतीची वेळही.

पावसाळ्यात चित्रं वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या एका मुलाची वर्षभराची चित्रं पुराच्या पाण्यात गेली, फोटोही नव्हते. तेव्हापासून चित्र पूर्ण झालं की दिवसाउजेडी सरळ वरून फोटो काढतोच.

निवड मुलांनी करायची, प्रत्येकी तीन. ऑक्टोबरात माउंट करून घ्या, म्हणजे चित्राभोवती जाड कागदाची चौकट, फ्रेमचा खर्च सगळ्यांना झेपत नाही आणि एकाचं फ्रेममध्ये, दुसऱ्याचं टेपने चिकटवलेलं असं अजिबात नको, त्यामुळे सगळ्यांना सारखं पांढरं माउंट. चारकोल आणि पेस्टलला फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग झडू नये म्हणूनचा स्प्रे, मारा, गच्चीवर, बंद खोलीत नको. लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. खाली पट्टीवर नाव, शीर्षक, माध्यम, वर्ष एवढंच, फोन नंबर किंवा शाळा नको. फोटो आणि पोस्टसाठी पालकांची लेखी परवानगी, आणि मुलालाही विचारायचं, पालक हो म्हणाले तरी. विक्री होणार असेल तर किंमत आधी ठरवा, पैसे थेट मुलाच्या घरी, मधे कुणी नाही.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर इथंच केलं, त्यामुळे लोक बघायला येतात हो, हौसेने येतात, पण पोरं चित्रामागं लपून बसतात. म्हणून आठवडाभर आधी रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येकाने आपल्या चित्राशेजारी उभं राहून दोन मिनिटं बोलायचं, पाठ केलेलं नको. कुणाला नसेलच बोलायचं तर जबरदस्ती नाही, चिठ्ठीवर दोन ओळी लिहून लावू द्या. पाहुण्यांची भाषणं मिळून दहा मिनिटं, त्यांना ते आधीच सांगा, आणि फीत मुलांपैकी सगळ्यात लहान असेल त्याने कापायची.

रविवारी संध्याकाळी चित्रं उतरवताना मुलं हजर पाहिजेत, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, आणि पुढच्या भेटीची तारीख तिथंच सांगायची.