पाटीवर ‘बिस्त्रो’ लिहिण्याआधी

पणजीपासून हणजूणपर्यंत हल्ली नव्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘बिस्त्रो’ दिसतं, म्हणजे फ्रेंच धाटणीची छोटी, घरगुती खाणावळ. फोंड्यात माझी खाणावळ आहे. भाच्याला त्याच्या नव्या जागेला हेच नाव द्यायचंय. त्याला जे सांगितलं तेच लिहिते.

पहिलं म्हणजे, मेनूकार्डावर ती कोसॅकांची गोष्ट छापू नका. १८१४ साली रशियन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं, त्यातले कोसॅक घोडेस्वार दारूवाल्यांना ‘बिस्त्रा, बिस्त्रा’, म्हणजे ‘लवकर, लवकर’ म्हणायचे, त्यावरून शब्द पडला, अशी ती गोष्ट. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात एका हॉटेलाच्या भिंतीवर तसा फलकही आहे. पण फ्रेंचमध्ये हा शब्द छापलेला सापडतो तो १८८४ च्या सुमारास. इतका तोंडी बसलेला शब्द ७० वर्षं कुणाच्याच लिहिण्यात आला नाही, हे मला पटत नाही. उत्तर फ्रान्समध्ये दारू घातलेल्या कॉफीला ‘बिस्तुय’ म्हणतात; पश्चिमेकडच्या बोलीत हरकाम्या पोराला ‘बिस्त्रो’सारखाच शब्द होता. अभ्यासकांचा कल अशा शब्दांकडे आहे, एकमत मात्र नाही. आणि सुरुवातीला बिस्त्रो म्हणजे गुत्त्याचा मालक! जागेला ते नाव मागाहून चिकटलं.

म्हणून मालकानं गल्ल्यामागे लपू नये, टेबलापाशी यावं. जागा लहान, पदार्थ मोजके, घरच्यासारखे, आणि ते रोज खडूनं फळ्यावर लिहायचे. हा फळा गोव्यात फारच कामाचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. विसवण (सुरमई) कार्डावर छापून ठेवलात तर त्या दिवसांत बर्फातला वाढावा लागेल. त्यापेक्षा फळ्यावर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर, म्हणजे कोशिंबीर लिहा, खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण लिहा, गिऱ्हाईक खूश होतं. पॅरिसच्या बिस्त्रोत मंद आचेवर मुरलेलं मटण असतं, तिथे आपली शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातलं मटण, अगदी शोभते. सकाळी करून ठेवा, रात्री जास्त चवदार लागते.

रोमन लिपीत शेवटी ‘टी’ घातला काय, न घातला काय, फ्रेंच लोक दोन्ही लिहितात आणि उच्चार एकच करतात. देवनागरीत ‘स्त्रो’ लिहा, ‘स्ट्रो’ नको.

आणि शंभर पदार्थ, त्यात मंचुरियनपण ठेवायचं असेल, तर सरळ ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहा. भाच्यानं सध्या सहा पदार्थ ठरवलेत.