अडलेली शेळी सुटल्यावर: करडाचे आणि आईचे पहिले तास

विताना करडू वाटेतच अडकतं आणि शेळी रात्रभर अडलेली असते. पहाटे डॉक्टर येतात, हात घालून करडू सरळ करतात, बाहेर काढतात, आणि घरातले सगळे हुश्श करून चहाला बसतात. मला सांगायचंय ते इथून पुढचं. अडलेल्या शेळीची करडं पोटात दगावतात, तशीच बाहेर आल्यावर पहिल्या दिवसातही दगावतात, आणि त्यातली बरीचशी वाचवता येतात. त्यासाठी कामं क्रमाने करावी लागतात: आधी श्वास, मग ऊब, मग चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध. हा क्रम उलटला की हातचं करडू जातं.

आधी श्वास

नाकातोंडातला चिकट बुळबुळीत पदार्थ बोटाने आणि स्वच्छ फडक्याने काढा. श्वास लागत नसेल तर वाळलेल्या गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवा, करडू शिंकेल. मागचे पाय धरून काही क्षण डोकं खाली केलं तर नाकातलं पाणी निथळतं, पण गरगर फिरवू नका. मग गोणपाटाने छाती आणि पाठ खसाखसा चोळा. चोळताना घाबरू नका, आईची जीभ याहून खरबरीत असते. श्वास लागला की आडवं न ठेवता छातीवर बसतं करा.

करडू आईच्या नाकापुढे ठेवा. थकलेली शेळी कधी कधी बघतही नाही. पाठीवर चिमूटभर मीठ किंवा कोंडा भुरभुरला की ती चाटू लागते, आणि चाटण्यातूनच ओळख पटते. हे पहिल्या एक-दोन तासांत जमलं नाही तर पुढे पाजायला उभी राहत नाही.

मग ऊब

करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड आतून गरम लागलं आणि बोट चोखलं, तर काळजी नाही. तोंड गार लागलं, मान टाकली असेल, तर थर्मामीटर शेपटीखाली लावून बघा. साधा माणसांचा चालतो, मात्र गोठ्यासाठी वेगळा ठेवा. करडाचं तापमान 101 ते 103 फॅरनहाइट असायला हवं. 99 च्या खाली असेल तर दुधाचा थेंबही देऊ नका.

माझी एक पाट, म्हणजे मादी करडू, अशीच गेली. पावसाळी रात्र होती, दोन्ही पाय ओढून काढलेली, अंग गार पडलेलं. तिच्या पोटात काहीतरी जावं म्हणून मी वाटीने चीक ओतत राहिले. तिला गिळता येत नव्हतं. चीक छातीत उतरला, घशात घुरघुर सुरू झाली आणि उजाडायच्या आत ती गेली. गार पडलेल्या करडाचं आतडं चालत नाही, गिळायची शुद्धही नसते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे थोडं थांबून सांगतेय.

ऊब द्यायची ती अशी: करडू कोरडं करून खोक्यात ठेवा, खाली तुरीचं भुसकट किंवा गोणपाट. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. पिवळा बल्ब लावणार असाल तर दोन-अडीच फूट उंच आणि पक्का बांधा, वाळल्या चाऱ्यात पडला तर गोठा पेटेल. अगदीच गार पडलेलं असेल तर गळ्यापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मान हाताने वर धरून, कोमट पाण्याच्या बादलीत धरा. पिशवीमुळे अंगाचा वास धुतला जात नाही आणि आई परकं समजत नाही. मान उचलून धरू लागलं, तोंड गरम लागलं, की मग चीक.

चीक

खरवस सगळ्यांनाच आवडतो, पण पहिला चीक करडाचाच. शेळीच्या पोटात असताना करडाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आतडं ती पहिले काही तासच नीट शोषून घेतं, दिवसभरानंतर जवळपास नाहीच. पहिल्या दिवसात वजनाच्या किमान एक दशांश चीक जायला हवा. दोन किलोच्या करडाला 200 मिली, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत.

आधी दोन्ही सडांतून दोन-चार धारा जमिनीवर काढा. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते, ती सुटली नाही तर करडू नुसतंच ओढत बसतं. डोकं बाहेर आणि अंग आत असं बराच वेळ अडकलेल्या करडाची जीभ आणि तोंड सुजलेलं असतं. ते बघून घरातले आशा सोडतात. सोडू नका. सूज एक-दोन दिवसांत उतरते, तोवर चीक पिळून बाटलीने थोडा थोडा पाजा. पाजताना करडू उभं किंवा छातीवर बसलेलं हवं, मान आईला पिताना असते तशीच. आईला चीक नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा किंवा गाईचा द्या. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा, उकळू नका. उकळलेल्या चिकात संरक्षण उरत नाही.

नाळ लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन इंचांवर दोऱ्याने बांधून पुढे कापा, आणि टिंक्चर आयोडीनच्या वाटीत बुडवा. नुसतं वरून लावणं पुरत नाही. संध्याकाळी पुन्हा एकदा बुडवा.

आता आई

उस्मानाबादी शेळीला जुळी नेहमीचीच, म्हणून पोटात आणखी एक नाही ना, याची खात्री करा. मागून दोन्ही तळवे कासेच्या पुढे पोटाखाली घालून हलकेच उचला. आत हाडांचा कडक गोळा हाताला लागला, किंवा अर्धा तास कळा येऊन काहीच बाहेर आलं नाही, तर डॉक्टरांना परत बोलवा.

तिला कोमट गुळाचं पाणी लगेच द्या, हवं तेवढं पिऊ द्या. मग शेवरी, लसूणघास, सुबाभळीचा पाला. अशक्त झाली म्हणून घमेलंभर ज्वारी किंवा गहू पुढे ठेवू नका. पोट आंबून शेळी त्यानेच मरते. भरडा मूठ-मूठ वाढवत न्या.

जार, म्हणजे वार, बहुधा सहा तासांत पडतो. बारा तास झाले तरी पडला नाही तर डॉक्टर. लोंबणाऱ्या जाराला दगड किंवा जुनी चप्पल बांधायची रीत अजून दिसते. ओढल्याने गर्भाशय फाटतं, रक्तस्राव होतो. पडलेला जार कुत्र्यांना न टाकता खोल पुरा. हे सगळं हातमोजे घालून करा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला या कामापासून लांब ठेवा. गाभ टाकणारे काही आजार माणसालाही होतात.

हात घालून सोडवलेल्या शेळीला प्रतिजैविक, वेदनाशामक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. घरातली गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे. असं औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं जवळपास संपली.

पुढचे दहा दिवस रोज सकाळी कास दाबून बघा आणि रवंथ करते का बघा. लालसर तपकिरी स्राव दोन आठवडे चालतो, त्याला घाण वास नसतो. सडका वास, 104 च्या वर ताप, एका बाजूची कडक गरम कास, गार कान आणि लडखडणं, यातलं काही दिसलं तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा. मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं तर ओल्या स्वच्छ फडक्यात धरून ठेवा, मागची बाजू उंच करा आणि तोच फोन तातडीने लावा.

तीन महिने तिला बोकडाकडे नेऊ नका. करडू फार मोठं असल्याने अडली असेल तर पुढच्या वेळी लहान चणीचा बोकड निवडा. फळल्याची, म्हणजे बोकड लागल्याची, तारीख कॅलेंडरवर लिहा, 150 दिवस मोजा, आणि त्या आठवड्यात शेळी लांब चरायला सोडू नका.