कांद्याचा भाव आर मध्ये कसा भरावा: व्हेरिएबल आणि डेटा टाइपची सुरुवात

सोलापूर बाजार समितीत कांद्याचे लिलाव झाले की भावाचा तक्ता मोबाईलवर फिरू लागतो. तारीख, क्विंटलमधली आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. संख्याशास्त्राचा प्रोजेक्ट करायचा असेल तर यापेक्षा चांगला डेटा शोधायला लांब जायला नको. तो आर भाषेत भरायचा कसा, ते पाहू. खालचे भाव उदाहरणापुरते आहेत.

आर ही खास आकडेवारीसाठी घडवलेली भाषा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती तयार केली आणि तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. ती फुकट मिळते. आधी आर आणि मग आरस्टुडिओ (आर मध्ये काम सोपं करणारं सॉफ्टवेअर), याच क्रमाने इन्स्टॉल करा. इथे मी कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. एक्सेलमध्ये मराठी आकड्यांत टाइप केलेला ३५० तुम्हाला वाचता येतो, पण आर च्या लेखी ती नुसती अक्षरं असतात.

पायरी १: नाव द्या

दर <- १२००

बाण डावीकडे, म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात गेली. हेच व्हेरिएबल. आरस्टुडिओत आल्ट आणि वजाचं बटण एकत्र दाबलं की बाण आपोआप उमटतो. नाव आकड्याने सुरू करता येत नाही, मध्ये मोकळी जागा चालत नाही, आणि लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. नाव देताना कंजूषपणा नको. ‘एक्स’ आणि ‘वाय’ आज कळतात, पंधरा दिवसांनी तुमचे तुम्हालाच कळत नाहीत, ‘कमाल_दर’ कळतं.

पायरी २: प्रकार विचारा

क्लास(दर) असं लिहिलं की उत्तर येतं ‘न्यूमेरिक’. गाव <- "सोलापूर" लिहून विचारलं तर ‘कॅरेक्टर’, म्हणजे मजकूर. मजकुराला अवतरणचिन्हं हवीतच. दर > १००० असं विचारलं तर उत्तर ट्रू किंवा फॉल्स, आणि त्याचा प्रकार ‘लॉजिकल’. पूर्णांकांसाठी ‘इंटिजर’ नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी आकड्याला चिकटून मोठा एल लिहितात; नवख्याने सध्या त्याच्या वाटेला गेलं नाही तरी चालेल.

आकड्यासारखं दिसतं ते सगळं न्यूमेरिक नसतं, हे मात्र सुरुवातीलाच पक्कं करा. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. तो आकडा म्हणून भरला की पुढचं शून्य गळतं आणि २१७ उरतं. पिनकोड ४१३००१ मधलं काही गळत नाही, पण पिनकोडांची सरासरी काढून करणार काय? ज्याची बेरीज-सरासरी करण्यात अर्थ नाही, ते मजकूर म्हणून ठेवा. माझी कसोटी एवढीच.

पायरी ३: आठवड्याचे भाव एकत्र करा

एका दराने काही होत नाही. पाच दिवसांचे दर सी() मध्ये ओळीने ठेवले की व्हेक्टर होतो. आता समजा, तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वर यात्रेमुळे लिलाव बंद होते आणि तक्त्यात जसं होतं तसंच तुम्ही भरलंत:

दर <- सी(१२००, १३५०, "बंद", ११००, १२५०)

आर तक्रार करत नाही. पण एका व्हेक्टरमध्ये एकच प्रकार राहतो, त्यामुळे एका ‘बंद’पायी बाकीचे चारही आकडे मजकूर होऊन बसतात. मीन(दर), म्हणजे सरासरी, विचारलंत की सरासरीऐवजी इशारा आणि एनए (किंमत उपलब्ध नाही) हाती येतं.

मग पुष्कळ जण ‘बंद’ काढून तिथे ० टाकतात. हे जास्त वाईट, कारण आता उत्तर येतं. ४९०० भागिले ५, सरासरी ९८०. आठवड्यात एकाही दिवशी कांदा ११०० च्या खाली विकला गेला नाही आणि सरासरी मात्र ९८०! शून्य दर म्हणजे माल फुकट गेला; लिलावच झाला नाही, तर दर नाहीच. या ‘नाहीच’साठी आर मध्ये एनए आहे, मोठ्या अक्षरांत आणि अवतरणचिन्हांशिवाय:

दर <- सी(१२००, १३५०, एनए, ११००, १२५०)

मीन(दर) अजूनही एनए देईल. एक दर माहीतच नाही तर सरासरी कशी सांगू, असं त्याचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. मीन(दर, एनए.आरएम = ट्रू) लिहा, म्हणजे तो दिवस सोडून ४९०० ला ४ ने भागून १२२५ मिळतात. आवकेच्या रकान्यात मात्र त्याच दिवशी ० लिहिणं बरोबर ठरतं, कारण त्या दिवशी आवक खरंच शून्य होती. शून्य की एनए, हे आर ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं.

पायरी ४: स्वल्पविराम आणि तारखा

एकूण उलाढाल "१,२५,०००" अशी लिहिलेली असेल तर तोही मजकूरच. ॲज.न्यूमेरिक() थेट लावलं तर एनए येतं. आधी जीसब(",", "", उलाढाल) ने स्वल्पविराम काढा, मग आकडा करा.

तारखांचा घोटाळा याहून लबाड. ॲज.डेट("१२/०१/२०२५") लिहिलं की आर पहिला भाग वर्ष समजतो आणि इसवी सन १२ मधली २० जानेवारी देतो, एका शब्दाने इशारा न देता. आपली पद्धत त्याला सांगावी लागते: फॉरमॅट = "%डी/%एम/%वाय". यात डी आणि एम लहान, वाय मोठा. तारीख नीट बसली की वजाबाकी करून मधले दिवस मोजता येतात.

पायरी ५: गट असतील तर फॅक्टर

आवक ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ अशी नोंदवली असेल तर तो रकाना फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांसाठीचा प्रकार, करा. पण क्रम सांगितला नाही तर इंग्रजी वर्णानुक्रम लागतो, म्हणजे जास्त, कमी, मध्यम. आलेखातही खांब याच क्रमाने उभे राहतात. म्हणून फॅक्टर(आवक, लेव्हल्स = सी("कमी", "मध्यम", "जास्त")) असं स्पष्ट लिहा.

पूर्ण फाइल रीड.सीएसव्ही() ने उघडली की हिशेबाला हात घालण्याआधी एसटीआर() चालवा. प्रत्येक रकान्यापुढे त्याचा प्रकार थोडक्यात येतो. दरापुढे ‘एनयूएम’ (न्यूमेरिक) किंवा ‘आयएनटी’ (इंटिजर) असेल तर पुढे जा. ‘सीएचआर’ (कॅरेक्टर) दिसलं तर त्या रकान्यात कुठेतरी ‘बंद’, नुसती रेघ, स्वल्पविराम किंवा मराठी आकडा बसलेला आहे; तो आधी शोधा.