डोमेनवरून ट्रेडमार्कची नोटीस आली? उत्तर द्या, पण किंमत सांगू नका

मी वकील नाही. गेली अठरा वर्षं छोट्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवतोय. मसालेवाले, साडीवाले, नर्सरीवाले, दोन-चार मंगल कार्यालयं असं माझं गिऱ्हाईक. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, माझ्याच हातून घेतलेलं असतं, त्यामुळे ‘हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे’ अशी नोटीस आली की दुकानदाराचा पहिला फोन वकिलाला जात नाही, मला येतो. ‘अहो, सात दिवसांत साइट बंद करा म्हणतायत!’ तोवर घरातल्या शहाण्यांनी सल्ले देऊन झालेले असतात. एक म्हणतो, उत्तरच देऊ नको, काही होत नाही. दुसरा म्हणतो, डोमेन मेहुण्याच्या नावावर करून टाक. दोघांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

पहिलं काम, नोटीस खरी आहे का ते बघा. ‘तुमच्या नावाचं चीनचं डोमेन कुणीतरी घेतंय, ताबडतोब आमच्याकडे नोंदवा’ अशा मेलला नोटीस म्हणत नाहीत. ती ठकबाजी आहे, वर्षानुवर्षं चालू आहे, सरळ डिलीट करा. खऱ्या नोटिशीत वकिलाचं नाव-पत्ता, ट्रेडमार्कचा अर्ज किंवा नोंदणी क्रमांक आणि नेमकी मागणी असते. क्रमांकच नसेल तर तो मागणं हेच तुमचं पहिलं उत्तर.

सात दिवसांचा बाऊ करू नका. तो आकडा समोरच्या वकिलाने ठरवलेला असतो, कायद्याने नाही. पण दोन ठिकाणी मुदत खरी असते. कोर्टाचं समन्स आलं तर, आणि डोमेनच्या लवादाकडून तक्रार आली तर. डॉट कॉमसाठी डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायची यूडीआरपी नावाची पद्धत १९९९ पासून आहे. तिच्यात उत्तराला २० दिवस मिळतात, मागितले तर आणखी ४. डॉट इनसाठी ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची तशीच आयएनडीआरपी नावाची पद्धत आहे, तिथे लवादाच्या मेलमध्ये लिहिलेली तारीख पाळायची. हे मेल डोमेन घेताना दिलेल्या पत्त्यावर येतात, आणि तो पत्ता बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या पोराचा असतो. आजच तपासा.

मग काहीही बदलायच्या आत साइटच्या प्रत्येक पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. डोमेन दुसऱ्याच्या नावावर करू नका, नोंदणीतलं नाव-पत्ता बदलू नका. नोटिशीनंतर केलेली हालचाल पळापळ म्हणूनच वाचली जाते. डोमेन घेऊन नुसतं ठेवलं असेल तर तिथे काय दिसतंय तेही बघा. ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं ती रिकाम्या पानावर आपल्या जाहिराती टाकते, आणि त्यात समोरच्याच्याच मालाची जाहिरात निघाली तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो.

त्यांच्याकडे नक्की काय आहे

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर कुणाच्याही अर्जाची स्थिती फुकट दिसते. क्रमांक टाका आणि चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या.

स्थिती काय आहे? ‘आमच्या अशिलाचा ट्रेडमार्क’ असं ठणकावून लिहिलेलं असतं आणि रजिस्ट्रीत ‘ऑब्जेक्टेड’, म्हणजे आक्षेप घेतलेला, असं दिसतं. म्हणजे अर्ज केलाय, मिळालेलं काही नाही. नोंदणी नुसत्या शब्दाची आहे की चित्रासकट लेबलची? लेबलची असेल तर त्यातल्या एकेका शब्दावर आपोआप मक्तेदारी मिळत नाही. वर्ग कोणता? माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला ३० व्या वर्गात येतो, लोणचं २९ व्या. आपल्या स्वयंपाकघरात एकाच फडताळात बसणाऱ्या दोन बरण्या रजिस्ट्रीत वेगळ्या खणांत असतात. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण माल जवळचा असेल तर वर्ग वेगळा म्हणून सुटका नाही, आणि देशभर नाव असलेल्या ब्रँडला तर भलत्याच मालावरसुद्धा हक्क सांगता येतो. चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. अर्जात ‘वापर कधीपासून’ असं लिहिलेलं असतं. ती तारीख आणि अर्जाची तारीख लाल पेनाने गोल करा.

कारण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ सांगतं की त्यांचा वापर आणि त्यांची नोंदणी, यांतलं जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून तुम्ही नाव सलग वापरत असाल, तर नोंदणीवाला तुम्हाला अडवू शकत नाही. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरत असाल तर कलम ३५ आहे. उलट बाजूही ऐका. ‘डोमेन म्हणजे नुसता पत्ता, त्याचा ट्रेडमार्कशी काय संबंध’ हा युक्तिवाद कधीच मेलाय. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल देताना ‘रॅडिफ’ हे डोमेन अडवलं. फरक एका अक्षराचा होता. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डोमेनलाही पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या आडून आपला माल खपवण्याविरुद्धचा, कायदा लागू होतो असं स्पष्ट केलं. नोंदणी नसलेलासुद्धा तुम्हाला कोर्टात खेचू शकतो.

तुमचे पुरावे: डोमेनची पहिली पावती, साइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वरची तुमची पानं, जीएसटीची बिलं, गुमास्ता, अन्न परवाना, दिवाळीला पेपरात दिलेली जाहिरात, छापखान्याचं लेबलचं बिल. छापखान्याचं बिल सगळे विसरतात आणि तेच सगळ्यात बोलकं असतं. प्रकरण कोर्टात गेलं तर स्क्रीनशॉट आणि मेलसोबत नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइली फोनमधून उडवू नका.

उत्तर: इथेच पाय घसरतो

माझा घसरला होता, म्हणून जरा बैजवार सांगतो.

धंद्याची सुरुवातीची वर्षं होती. घरगुती चटण्या विकणाऱ्या एका मावशींचं डॉट कॉम डोमेन मी घेतलं होतं. एक दिवस जीमेलवरून चार ओळींचा मेल आला. नाव छान आहे, विकणार का, काय घ्याल? ना लेटरहेड, ना कंपनी. मला वाटलं, लॉटरी! मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, ‘तूच बघ बाबा.’ मी लिहिलं, दीड लाख. वर हुशारी म्हणून एक ओळ जोडली: ‘या नावाचा मोठा ब्रँड बाजारात आहे हे आपण जाणताच, त्यामुळे किंमत रास्त आहे.’ तीन आठवड्यांनी नोटीस आली. सोबतच्या कागदांत माझा मेल होता, छापून, दीड लाखाखाली पिवळा पट्टा मारून. आमच्या वकील साहेबांनी तो टेबलावर माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘हे तुम्ही लिहिलंत?’ पुढचा अर्धा तास मला चहा गेला नाही.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या. यूडीआरपीमध्ये तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन त्याच्या मार्कसारखं आहे, तुमचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरताय. पहिली गोष्ट त्याला सोपी असते. तिसरी अवघड, कारण तुमच्या मनात काय होतं ते तो कुठून आणणार? तुमच्या मेलमधून आणणार! मार्कवाल्याला खर्चापेक्षा जास्त किमतीत विकायला म्हणूनच डोमेन घेतलं, हे वाईट हेतूचं उदाहरण त्या नियमांतच लिहून ठेवलंय. मी एका मेलात किंमतही दिली आणि ब्रँड माहीत असल्याची कबुलीही. मावशींचं डोमेन फुकट गेलं. छापून ठेवलेली लेबलं रद्दीत गेली.

कॅनडातल्या माइक रो या शाळकरी मुलाची गोष्ट याच वाटेने गेली. त्याने २००३ मध्ये स्वतःच्या नावापुढे ‘सॉफ्ट’ लावून डोमेन घेतलं. भरभर म्हणून बघा, मायक्रोसॉफ्ट ऐकू येतं. कंपनीच्या वकिलांनी दहा डॉलर देऊ केले, हा चिडून म्हणाला दहा हजार. लगेच पुढच्या जाडजूड पत्रात आरोप आला की पैसे उकळायलाच नाव घेतलंस. जगभर गाजावाजा झाल्यामुळे त्याचं प्रकरण २००४ च्या सुरुवातीला गोडीने मिटलं. तुमच्या-माझ्यासाठी कुणी गाजावाजा करणार नाही.

तेव्हा नियम एकच. किंमत पहिल्यांदा आपल्या तोंडून निघता कामा नये. मेलवर नाही, फोनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. अनोळखी माणसाने डोमेनचा भाव विचारला तर ‘विकायचं नाही, धंद्यात वापरात आहे’ एवढंच. कुणी सांगेल की वर ‘विदाउट प्रिज्युडिस’ (म्हणजे आमच्या हक्कांना बाधा न येता) लिहिलं की काहीही लिहायला मोकळे. मला हा सल्ला ऐकला की चीड येते. कोर्टात त्या शब्दांना तडजोडीच्या बोलण्यापुरतं संरक्षण आहे, पण यूडीआरपीचे लवाद तसा शिक्का असलेली विक्रीची पत्रंही पुराव्यात धरतात. तो शिक्का छत्री आहे, छप्पर नव्हे. डॉट इनवाल्यांनी आणखी जपावं. यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूचे असावे लागतात, आयएनडीआरपीत दोन्हींतलं एक पुरतं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी सरळ मनाने घेतलेलं डोमेन तुम्ही आजच्या एका आगाऊ मेलने घालवू शकता.

मग लिहायचं काय? एक पान, फार तर दीड. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली. हे नाव आम्ही कधीपासून, कोणत्या मालासाठी वापरतो. डोमेन कधी घेतलं. नाव कुठून आलं? आजीचं नाव, गावचं नाव, आडनाव, जे खरं असेल ते, दोन वाक्यांत. ‘तुमच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची आणि वापराच्या पुराव्यांची प्रत पाठवा’ ही मागणी. आरोप मान्य नाहीत, आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत. संपलं. पुरावे सोबत जोडायची घाई नको. तारखा सांगा, कागद वकिलाकडे ठेवा.

न लिहिण्याच्या गोष्टी जास्त आहेत. ‘तुमचा ब्रँड आम्हाला माहीत होता, पण...’ या वाक्यातल्या ‘पण’च्या पुढचं कुणी वाचत नाही. ‘म्हणूनच आम्ही लोगोचा रंग वेगळा ठेवला’ हीसुद्धा कबुलीच. माफी नको, टोमणे नकोत, ‘आम्ही गरीब, तुम्ही मोठे’ हे रडगाणं नको. ‘मूळचे आम्हीच’ अशी शेखी पावती हातात नसताना मिरवू नका. मसुदा तुम्ही करा, पण सही-शिक्का ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाचा घ्या. जमिनीचे दावे चालवणारे काका कितीही जवळचे असले तरी नकोत. पोकळ धमक्यांविरुद्ध ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४२ आहे, उलट दावा लावता येतो. मात्र नोंदणीवाल्याने वेळेत हक्कभंगाचा दावा ठोकला तर ते कलम गळून पडतं, म्हणून पहिल्याच पत्रात ते परजू नका.

उत्तर पोहोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि मेलने, दोन्हीकडून पाठवा.

नंतर

बहुतेक वेळा पुढे शांतताच असते. पण समोरचा पक्ष तुम्हाला न ऐकता तात्पुरता मनाई हुकूम मिळवू शकतो, आणि तोही त्याच्या गावच्या कोर्टातून. म्हणून वकिलाला विचारून कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, मग नवं टाकावं लागतं. नाव खरंच तुमचं असेल तर स्वतःचा ट्रेडमार्क अर्जही करून टाका. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. आणि या सगळ्या धामधुमीत डोमेनचं नूतनीकरण विसरू नका. तसं विसरून डोमेन गमावलेलेही मी पाहिलेत.

कधी कधी कागद बघितल्यावर कळतं की समोरचाच बरोबर आहे. मग भांडू नका, मुदत मागा. तीन-चार महिने मिळाले तर नवं डोमेन, नवी लेबलं आणि गिऱ्हाइकांना कळवणं एवढं नीट होतं. आधी लेखी करार, त्यात ‘मागील वापराबद्दल कोणताही दावा राहणार नाही’ हे वाक्य, आणि मगच डोमेनचा ट्रान्सफर कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्याकडे हलवायची किल्ली.

कोड देण्याआधी एक काम करा, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशींचा मेल त्याच डोमेनवर होता. बँक, जीएसटी, कुरिअरचं खातं, सगळं त्याच पत्त्याला जोडलेलं. डोमेन ज्याचं, त्या पत्त्यावर येणारं पत्रही त्याचंच. हस्तांतरणानंतर मावशींचा जीएसटीचा पासवर्ड विसरला, आणि तो बदलायची लिंक ज्यांनी नोटीस पाठवली त्यांच्या सर्व्हरवर गेली.